योगिनीचं लक्ष कुठे होतं?

मित्रांनो, माझी कीव करू नका. पडदा पिवळा पडलाय, खाऱ्या वाऱ्याने पाठ गंजलीय, तरी मी भंगार नाही. मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका शाळेतला मी जुना संगणक आहे, आणि माझी बाजू मी सांगणारच.

मुंबईच्या एका कचेरीत मी चार वर्षं पत्रं टाइप करून दिली. तिथे नवे संगणक आले तेव्हा तिथल्या सत्यवान नावाच्या शिपायाने मला मागून घेतलं आणि गोधडीत गुंडाळून आपल्या गावच्या शाळेत आणलं. ते साल २००३. वाटेत माझा एक स्पीकर फुटला. उरलेला, संगणक शिकवणाऱ्या गुरुदास सरांनी टेबलावर बसणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवला.

सरांकडे एकाग्रता वाढवणाऱ्या खेळांची सीडी होती. एका खेळात करड्या माशांमध्ये लाल मासा दिसला की कळ दाबायची. दुसऱ्यात नाना आवाज यायचे. त्यात घंटा वाजली तरच दाबायची. शेवटी मी गुण दाखवायचो. वर्गात ज्यांचं लक्ष नसे, त्यांना रोज दुपारी माझ्यापुढे बसवत.

योगिनी त्यातलीच. पाचवीतली, मासे विकणाऱ्या हिराबाईंची मुलगी, त्यांचं लाडकं 'चेडू'. मुख्याध्यापिका विमलाबाईंनी काही विचारलं की ही भलतंच उत्तर द्यायची, आणि वर्ग खिदळायचा.

माझ्यापुढे मात्र तिची पापणी लवत नसे. लाल माशाच्या खेळात शंभरापैकी सत्त्याण्णव, घंटेच्या खेळात पस्तीस. दुसऱ्या दिवशी तेच, दोन महिने तेच. मी दोन्ही आकडे रोज पडद्यावर मांडत होतो. सर फक्त सरासरी लिहून घेत.

परीक्षेच्या तोंडावर विमलाबाईंनी हिराबाईंना माझ्या खोलीत बोलावलं.

"हिराबाई, मुलीचं लक्षच नसतं. संगणकाचाही उपयोग झाला नाही. यंदा तिला पाचवीतच ठेवावं लागेल. नाहीतर घरी कामाला घ्या."

हिराबाईंनी डोक्यावरची माशांची पाटी खाली ठेवली. "बाई, होडी लांब आसताना ती कोणाची, ता माझा चेडू सांगता. तेचा लक्ष नाय? मी तेका शाळेतसून काढूचंय नाय, आणि ढ म्हणान घेवचंय नाय!"

"मग हे गुण बघा," बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हिराबाई पुढे आल्या. आकडे त्यांना चांगले वाचता येत. "ह्यो एक आकडो इतको बरो, आणि दुसरो इतको वायट कसो?"

गुरुदास सरांनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले: एक डोळ्यांच्या खेळाचा, एक कानांच्या. शेजारच्या वर्गात रोजच्यासारखा पाढ्यांचा गलका चालला होता. त्यांनी योगिनीला बोलावलं, स्पीकर उचलून तिच्या उजवीकडे ठेवला आणि घंटेचा खेळ लावला.

एक्क्याण्णव!

"गो, आधी ह्यो आवाज तुका येय नाय होतो?" सरांनी विचारलं.

योगिनीने डाव्या कानाला हात लावला. "ह्या कानान कमीच येता. माका वाटला, सगळ्यांकाच तसा येता."

हिराबाईंनी लेकीला जवळ ओढून तो कान चाचपला. लहानपणी तिचा तो कान वाहायचा. वाहायचा थांबला तेव्हा बरा झाला, असंच त्या धरून चालल्या होत्या.

मालवणच्या डॉक्टरांनी डावा कान जवळजवळ बंद असल्याचं सांगितलं. वर्गात बाईंचं टेबल नेमकं तिच्या डावीकडे होतं. जागा बदलली. गणितात चोपन्न गुण मिळवून योगिनी सहावीत गेली.

निकालाच्या दिवशी विमलाबाई हिराबाईंपाशी आल्या. "चूक माझी झाली."

"माका कित्याक सांगतास? चेडवाक सांगा. आणि उजव्या कानात सांगा."

बाई वाकल्या आणि त्यांनी सांगितलं.

पुढे गावभर झालं, संगणकाने मुलीचं लक्ष सुधारलं. साफ खोटं! असलं फुकटचं कौतुक मला नको. तिचं लक्ष शाबूत होतं. हरवलं होतं ते मोठ्यांचं.

२००९ मध्ये नवे संगणक आले आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. हरकत नाही. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या वर्गात कुणाला 'लक्ष नाही' म्हणून उभं केलं, तर हसू नका. हात वर करा आणि विचारा, "त्याला ऐकू येतंय का?" ओरडा बसला तरी विचारा.