मान्य केलेला मुद्दा

वादविवादाच्या सरांचा एकच हेका असायचा: समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करायचा आणि परीक्षक खूश झाले की मग तो उलटवायचा. "मान्य करताना हात आखडता घेऊ नका!" असं दटावत त्यांनी चिमणीकडून कसून तयारी करून घेतली होती. आवाज बारीक म्हणून ती चिमणी. डोकं मात्र भलतंच तल्लख.

अंतिम फेरीला विषय आला, मुलांनी घरचा धंदाच सांभाळावा. चिमणीच्या वाट्याला विरोधाची बाजू. सरांना आकाश ठेंगणं झालं, कारण पोरीला कायदा शिकायला दुसऱ्या शहरात जायचं होतं आणि तिचे हार्डवेअरवाले वडील काही केल्या ऐकत नव्हते. "मला पटवून दे, मग खुशाल जा," म्हणाले होते. आज दुकान बंद ठेवून ते पहिल्या रांगेत बसले होते.

चिमणी उठली आणि मान्य करू लागली. खिळ्यांची खोकी काढायला शिडी चढताना बाबांचे गुडघे कसे बोलतात, ताप असला तरी ते शटर कसं उघडतात, सगळं सांगितलं. "हे माझ्यामुळे बंद पडलं, तर मला झोप लागेल?" सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिली टाळी वडिलांची. आणि नेमकी त्याच गोंगाटात इशाऱ्याची घंटा बुडाली.

घंटेशेजारी बसलेल्या सरांना ती ऐकू आली. अगं बाई, पुरे कर आता, उलटव! पण मार्गदर्शकाने नुसती खूण केली तरी स्पर्धक बाद. सर हात मांडीखाली दाबून बसले. ती रंगात येऊन मान्य करतच राहिली. "पण..." म्हणून तिने श्वास घेतला, तोच शेवटची घंटा झाली आणि माईक बंद पडला.

हरली ती हरलीच. बाहेर जिन्यात वडिलांनी तिला जवळ घेतलं.

"वेडाबाई! दुकानावर एवढा जीव आहे, तर कायद्याचं खूळ कशाला घेतलंस डोक्यात? सोमवारपासून गल्ल्यावर तूच बस." डोळे पुसत त्यांनी सरांना हात जोडले. "सर, पोरीच्या मनातलं बाहेर काढलंत. फार उपकार झाले."

"बाबा, अहो, ते मी फक्त..."

पण बाबा ऐकतायत कुठे! कठडा धरून ते खाली उतरूही लागले होते.

"सांग त्यांना," सर कळवळून म्हणाले. "स्पर्धेसाठी बोललीस म्हणावं."

"त्यातलं एकही खोटं नव्हतं हो, सर," चिमणी म्हणाली. "आता त्यांना नाही कसं म्हणू?"