नणंदेची साक्ष

दादा लाँड्रीत आला तेव्हा ती हॉटेलच्या चादरींना इस्त्री करत होती. सकाळपासून वाफेत उभं राहून तिच्या अंगाचं पार चिपाड झालं होतं. तो तिच्या शेजारी येऊन थांबला, टायरच्या दुकानातले काळे हात खिशात घालून.

"तुला कोर्टात यावं लागेल," तो म्हणाला. "जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांगायचं."

तिने काय पाहिलं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. आईची औषधं द्यायला ती एका दुपारी दादाच्या घरी गेली, तर स्वयंपाकघरात वहिनी आणि समोरच्या घरातला गाण्याचा मास्तर. आतल्या खोलीत आई झोपलेली. तिने रागाच्या भरात दादाला सांगितलं, आणि मग ते घर घर राहिलंच नाही. पुढे आईही वारली.

"वकील म्हणतो, बाहेरचं लफडं सिद्ध झालं की पोटगी मागायला तिला तोंड राहणार नाही."

"आणि आईचं गू-मूत कोणी काढलं, दादा?"

"तो विषय वेगळा."

"घर तर एकच होतं की रे."

तिला वाद घालायचं त्राण नव्हतं. येईन म्हणाली.

कोर्टाची खोली एवढीशी. न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली, त्या मधूनमधून गरम पाण्याचा घोट घेत होत्या. वहिनी कोपऱ्यात बसली होती. वर्षभरात तिचे केस पांढरे झाले होते.

दादाच्या वकिलाने विचारलं, तशी ती म्हणाली, "हो. पाहिलं मी. खोटं कशाला बोलू?"

वहिनीने मान खाली घातली. दादा सावरून बसला.

मग वहिनीची वकील उठली. "तुमच्या आईंचं कोण करायचं?"

"वहिनी. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून शेवटपर्यंत. त्यासाठी तिने छापखान्यातली नोकरी सोडली."

"सोडायला कोणी सांगितलं?"

ती घुटमळली. दादा टक लावून पाहत होता. "दादाने," ती म्हणाली. "आणि मी. कोणीतरी घरी थांबायला हवं होतं, आणि मला लाँड्री सोडायची नव्हती."

निकालाच्या दिवशी न्यायाधीशबाईंनी घटस्फोट दिला. संसार कोणामुळे मोडला हे दिसतंच आहे, त्या म्हणाल्या, पण बाईने उद्यापासून खायचं काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. वहिनीने मागितलं होतं त्याहून थोडी कमी पोटगी ठरली, ती स्वतःच्या पायांवर उभी राहीपर्यंत.

जिन्यात दादा म्हणाला, "बहीण आहेस की वैरीण?" आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरून गेला.

वहिनी बाकावर बसली होती. "वन्सं, नाही पाहिलं म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?"

"मग बाकीचं तरी कोणी खरं मानलं असतं?"

वहिनीने पदराने तोंड पुसलं. "मास्तर तर केव्हाच गाव सोडून गेला. ज्याच्यापायी एवढं रामायण झालं, त्याला काही पडलेली नाही."

"जेवलीस का काही?"

"भूक मेलीय."

ती वहिनीशेजारी टेकली. दुपारच्या पाळीला जायचं होतं, पण उठवेना. दोघींपैकी कोणीच रडलं नाही. माणसं येत-जात राहिली.

दादाने पुढे कितीतरी महिने तिच्याशी अबोला धरला. पोटगी मात्र तो कुरकुरत का होईना भरत राहिला. वहिनी एकदा बाजारात भेटली. छापखान्यात अर्धा दिवस काम मिळालंय, म्हणाली. डोळे पूर्वीसारखे साथ देत नाहीत, बारीक अक्षर दिसत नाही. दोघी थोडा वेळ भाजीच्या भावाबद्दल बोलल्या, मग आपापल्या वाटेने गेल्या.