दाराकडे तोंड केलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. हसू नका. लाकडाला तोंड नसतं हे मलाही कळतं. पण या घरात ज्यांना तोंडं आहेत ती माणसं तीन दिवस गप्प बसलीत, म्हणून मला बोलणं आलं.

मला या घरातल्या म्हातारीच्या, तेंगायच्या, आजोबांनी घडवलं. त्यांचं नाव बागतांग. वरच्या उतारावरचं एक पाइनचं झाड त्यांनी स्वतः निवडलं, स्वतः तोडलं आणि पावसाळाभर ओसरीत बसून मला तासलं. खिळा एकही नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांवर. त्यांची बायको म्हणायची, "स्वतःची खुर्ची स्वतः करणारा माणूस मी आजच बघतेय." त्यावर म्हातारा म्हणायचा, "दुसऱ्यानं केलेली टोचली, तर मी उठून तक्रार करणार आहे का?" पुढच्या वर्षी तेच माझ्यावर पहिले बसले. टोचलं असलं तरी बोलले नाहीत.

आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं की त्याला लगेच आडवं करत नाहीत. आडवा झाला तो झोपला, आणि झोपलेल्याशी बोलणार कोण? म्हणून त्याला माझ्यावर बसवतात, दाराकडे तोंड करून, शेजारी शेकोटी पेटवून. चार-पाच दिवस लोक येत राहतात. भात शिजतो, डुक्कर कापलं जातं, तांदळाची दारू फिरते, आणि जो तो मेलेल्याशी बोलून घेतो. एका बाईनं नवऱ्याला तीन दिवस शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी शिव्या संपल्या, तेव्हा कुठे ती रडली. मग गुडघे दुमडून त्याला छोट्या पेटीत घालतात आणि पेटी कड्यावर टांगतात. तुम्ही मनिलाहून बसनं रात्र काढून ज्या टांगलेल्या पेट्या बघायला येता ना, त्याच. काही घरं खुर्चीही तिथेच टांगून टाकतात. बागतांगनी मात्र बजावलं होतं, हिला घरी आणा, घरात माणसं पुष्कळ आहेत.

आजवर अकरा माणसं मी धरली. काम झालं की मला माळ्यावर ठेवायचे आणि पुढचं माणूस जाईपर्यंत माझं नाव कोणी काढायचं नाही. मला त्याचा राग नव्हता. माझी आठवण न येणं हेच घरच्यांच्या भल्याचं होतं.

जिवंत माणसानं माझ्यावर बसायचं नाही, हा गावाचा नियम. बसलं तर मी जागा रिकामी ठेवत नाही म्हणे, त्याच घरातलं कोणीतरी मागून घेते. हे कोणी ठरवलं, मला माहीत नाही. मला विचारायला कोणी आलं नव्हतं.

तेंगाय सात वर्षांची असताना तिचा पाच वर्षांचा भाऊ दागसेन माळ्यावर चढला आणि माझ्यावर बसला. "मी आजोबा! मला भात आणा!" असं ओरडला. तेंगाय खो-खो हसली आणि तिनं पानावर खडे वाढून आणले. पावसाळा लागला आणि दागसेन तापानं गेला. त्या साली अर्ध्या गावात ताप होता, तीन घरांतली मुलं गेली, आणि त्या घरांत माझ्यासारखी खुर्ची नव्हतीसुद्धा. पण सात वर्षांच्या पोरीला हे कोण सांगणार? तिच्या डोक्यात एकच बसलं, आपण त्याला भात वाढला.

ती मोठी झाली, लग्न झालं, नवरा गेला, त्यालाही मी धरलं. पण दागसेनचं तिनं कधी सोडलं नाही. माळा झाडताना माझ्याजवळ आली की हळूच म्हणायची, "मी तुझी वाट बघत नाही हं. पण माझी पाळी आली की मलाच घे, मध्ये कोणाला घेऊ नकोस." मी गप्पच. माझ्या गप्प बसण्याचे लोक काय काय अर्थ लावतात, देव जाणे.

मग डांबरी रस्ता आला आणि रस्त्यामागून तुम्ही आलात. तेंगायची मुलगी रोझेंडा पहिल्यापासून हुशार. तिनं घराच्या पाच खोल्यांत पलंग टाकले, कॉफीचं यंत्र आणलं, बाहेर पाटी लावली. तिचा नवरा किलिप पाहुण्यांना गुहेत नेतो, कडा दाखवतो. सगळं नीट चाललं होतं. पण शेजारच्या घरानं जुनी भातकांडणी अंगणात मांडली आणि पाहुणे तिकडे फोटो काढायला वळले. तेव्हा रोझेंडाला माळ्यावरची मी आठवले.

"इना, नुसती ओसरीत ठेवते," ती आईला म्हणाली. "कोणी बसणार नाही. आडवी दोरी लावते."

"माझी खुर्ची लोकांना दाखवायला? उद्या मलाही मांडशील तिथे!"

"तुला मांडलं तर गिऱ्हाईक पळून जाईल, इना. तू कोणाला धड हसून तरी दाखवतेस का?"

तेंगाय फणकारली. पण घर चालवणारी लेक, तिच्यापुढे म्हातारीचं किती चालणार? मला खाली आणलं, पुसलं, गळ्यात पाटी अडकवली. दोरी पहिले दोन महिने ताठ होती. पुढे सैल झाली आणि एक दिवस कोणीतरी ती कपडे वाळत घालायला नेली. पाहुणे बसायला लागले. जीभ बाहेर काढून, डोळे फिरवून, दोघं दोघं मांडीवर बसून. तेंगाय शेतावरून आली की विचारायची, "आज कोण बसलं? कुठल्या गावचं?" बसणारे परगावचे आहेत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडायचा. त्यांच्या घरी पुढे काय झालं, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही, कारण एकदा गेलेला पाहुणा खबर द्यायला परत येत नाही.

त्या दिवशी धुकं होतं आणि गिऱ्हाईक कमी. मनिलाहून आलेल्या सहा मुलींचा घोळका ओसरीत कॉफी पीत बसला होता. त्यातली जोआन नावाची एक, हातात मोठा कॅमेरा, फार चिकित्सक. "मॅम, मेलेल्याला खरंच बसवायचे कसे? हात कुठे? मान कशी? आम्हाला करून दाखवा ना."

"अगं, मी कशी दाखवू?" रोझेंडा म्हणाली.

"प्लीज, मॅम! एकच मिनिट!"

आणि रोझेंडा बसली. कपबशी बाजूला ठेवली, पदर झटकावा तसा एप्रन झटकला आणि बसली. हात मांडीवर, डोळे मिटलेले. मुली हसल्या, रोझेंडालाही हसू फुटलं. मी मात्र हादरले. पाहुण्यांचं वजन वेगळं, घरच्याचं वेगळं. या बाईच्या बापाला मी धरलं होतं, तशीच उंची, तसेच खांदे.

फाटकात तेंगाय उभी होती, डोक्यावर रताळ्यांची टोपली. तिनं टोपली खाली ठेवली नाही, सोडली. रताळी अंगणभर गेली.

"ऊठ," ती एवढंच म्हणाली.

"इना, अगं गंमत..."

"ऊठ!"

पाच दिवसांनी रोझेंडाला ताप भरला. किलिपनं तिला जीपमधून खालच्या दवाखान्यात नेलं. छातीत जंतू झालेत म्हणाले, गोळ्या दिल्या, सात दिवस पुऱ्या करा म्हणाले. पण तिसऱ्या दिवशीही ताप हटेना, रात्री ती बरळायला लागली, आणि तेंगाय जाऊन लाकाय ओसेनला घेऊन आली. लाकाय म्हणजे म्हातारबाबा; ओसेन गावातला सगळ्यात म्हातारा, कोंबडीचं पित्त बघून कौल देणारा. कोंबडी मारली, पोट फाडलं. पित्ताची पिशवी भरलेली आणि वर दिसायला हवी. ती सुकलेली आणि काळजाखाली दडलेली निघाली. दुसरी मारली, तिचंही तेच. तिसरी मारू या का, असं कोणी विचारलं नाही.

किलिप चिडला. "डॉक्टर सात दिवस म्हणालेत. आज चौथा आहे."

"मी कुठे गोळ्या बंद करा म्हणतोय?" ओसेन म्हणाला. "गोळ्या घ्या की. पण पोरीनं जागा धरलीय. ती उठली तरी जागा तिच्याच नावावर आहे."

तेंगायनं विचारलं, "आणि त्या जागेवर दुसरं कोणी बसलं तर?"

ओसेननं कप जवळ ओढला. कॉफीत साखर घातली, ढवळली, प्यायला. अरे मेल्या, "वेडी झालीस का" एवढं म्हणायला काय जात होतं तुझं! तुझं न बोलणं तिनं होकार धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेंगायनं अंघोळ केली. पेटीच्या तळाशी जपलेलं, मरणाच्या दिवशी नेसायचं काळं-पांढरं लुगडं काढलं आणि नेसली. ओसरीत आली. माझ्या गळ्यातली पाटी काढून भिंतीला उलटी टेकवली, मला दोन्ही हातांनी फिरवून दाराकडे तोंड केलं आणि बसली.

"ही मी आले," ती हळू आवाजात म्हणाली. "आता लेकीला सोड."

बाई गं, मी तुझ्या लेकीला धरलंच कुठे होतं!

किलिपनं विनवलं, "इना, उठा. लोक काय म्हणतील?" तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. नऊच्या सुमाराला पाहुणे आले, आणि त्यांना वाटलं ही म्हातारी म्हणजे खास सोयच केलीय. काय तो खरा पोशाख, काय ते स्थिर बसणं! रांग लागली. तिच्या खांद्यावर हात ठेवून फोटो, गालाला गाल लावून फोटो. किलिप एकाला हाकलतोय तोवर दुसरा येतोय. तेंगाय दाराकडेच बघत बसली.

आणि त्याच दुपारी रोझेंडाचा ताप उतरला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. गोळ्यांचा पाचवा दिवस होता, ताप तसाही उतरणारच होता. पण हे आता कोणाला पटवणार? रोझेंडा भिंत धरत धरत ओसरीत आली आणि आईच्या पायाशी बसली.

"इना, ऊठ ना. बघ, मी बरी झाले."

"म्हणूनच उठत नाही."

"माझं चुकलं. हे असलं मी पुन्हा ओसरीत ठेवणार नाही. जाळून टाकू हवं तर."

"जाळलीस तर मी कुठे बसू? तू धडधाकट हिंडताना मला दिसतेयस. दागसेनच्या वेळी एकदा चुकले, दोनदा चुकणार नाही. जा, भात खा. माझ्या वाट्याचाही खा."

तेव्हापासून ती जेवलेली नाही. ओठाला पाणी लावतात, तेही तोंडातून ओघळतं. दवाखान्यात न्यायला किलिप जीप घेऊन आला, तर तिनं मला असं घट्ट धरलं की माझ्यासकट उचलावं लागलं असतं. रोझेंडाच म्हणाली, "राहू दे." का म्हणाली, हे मी तिला विचारू शकत नाही. पण तिची नजर मी पाहिली. म्हातारी उठली तर आपलं काय, ही भीती तिच्याही मनात शिरलीय, आणि त्या भीतीची तिला लाज वाटतेय. म्हणून घरात कोणी कोणाशी बोलत नाही.

आज सकाळपासून तेंगायची मान डावीकडे घसरायला लागली. पडून डोकं फुटू नये म्हणून रोझेंडानं चादर आणली, तिच्या छातीभोवती घेतली, मग कपाळावरून एक पट्टी फिरवून माझ्या पाठीला बांधली. काळजीनंच बांधली, रडत बांधली. पण तिचे हात न अडखळता चालले, कारण असं बांधणं तिनं एकदा केलंय, बाप गेला तेव्हा. बांधून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ती दचकून मागे सरकली आणि आत पळाली. गाठ तशीच राहिली.

तेंगाय अजून श्वास घेतेय. माझ्या पाठीला कळतो तो. अकरा माणसं मी धरली, त्यांतलं एकही गरम नव्हतं. ही गरम आहे, आणि मला काय करावं ते सुचत नाही. मी काहीही मागितलेलं नाही हो! कधीच, कोणालाच. माझं तुम्हाला ऐकू येतंय, तिला येत नाही. तेव्हा तो कॅमेरा खाली ठेवा, पायऱ्या चढून वर या आणि ती गाठ सोडा. घरची माणसं सोडणार नाहीत, तुम्हालाच सोडावी लागेल. लवकर या. मघापेक्षा ती गार लागतेय.