अर्जातली मुलगी

ऑटिझमच्या तपासणीसाठी बिट्टीचा नंबर लागायला दोन वर्षं आणि चार महिने लागले. तेवढ्या काळात माणूस आपोआप बरा होत असावा, असा आरोग्य खात्याचा हिशेब असेल. बिट्टीच्या बाबतीत तो चुकला. चौदाची सोळा झाली, झोप उडाली, आणि शाळेतून आली की ती दप्तरासकट बाथरूममध्ये शिरून कडी लावायची. आई दार वाजवायची. आतून आवाज यायचा, "आहे अजून."

तपासणीआधी घरच्यांनी बारा पानी अर्ज भरायचा असतो. आईने तो चांगल्या पेनाने, ठेवणीतल्या अक्षरात भरला. आजवर तिने लेकीचे अर्ज भरले ते शाळेत प्रवेश मिळावा म्हणूनच. हात त्याच वळणाने गेला. इतरांत मिसळते का? खूप. मैत्रिणी? भरपूर. आवाजांचा त्रास? मुळीच नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी बिट्टीने तो वाचला.

"आई, ही कोण?"

"कोण म्हणजे? तूच की गं!"

अर्जातल्या त्या मुलीला बिट्टी चांगली ओळखत होती. रोज बिट्टीचाच गणवेश घालून शाळेत जाणारी. सगळे हसले की मागोमाग हसणारी, मनात तीन मोजेपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. आजवर ती निदान दाराबाहेर थांबायची. आता आईनेच तिला कागदोपत्री घरात घेतलं होतं. उद्या शिक्का बसला की घर तिचं. मग आपण जायचं कुठे?

"अक्षर छान आलंय," बिट्टी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाईंसमोर खुर्चीत अर्जातली तीच जाऊन बसली. हसली. एक, दोन, तीन. खिडकीकडे बघितलं. पुन्हा हसली.

"किती छान बोलतेस गं!" बाईंनी अर्जाचं शेवटचं पान उलटलं. "मला तर काळजीचं काही दिसत नाही."

पेन शेवटच्या चौकटीकडे निघालं. ओरडावं म्हणून बिट्टीने तोंड उघडलं, तर बाहेर आलं, "थँक्यू."

आईच्या हातून चष्म्याची डबी पडली. ती उचलायला आई वाकली आणि टेबलाखालीच थबकली. बिट्टीची नखं तळहातात रुतून रक्त आलं होतं. वर हसू जागच्या जागी.

"बाई, थांबा," आई सरळ होत म्हणाली. "अर्जातली मुलगी आमच्याकडे नाही."

"म्हणजे?"

"मीच रचली ती. ही दोन-दोन तास कडी लावून बसते हो. मी बाहेर उभी असते."

बाईंनी कोरा अर्ज काढला. "पहिल्यापासून घेऊ. आई, तुम्ही नका बोलू. बिट्टी, इतरांत मिसळतेस?"

बिट्टीने आधी हसू काढायला घेतलं. ते निघेना. ओठ मिटले, गाल ओढून पाहिले. हसू तसंच, जणू चेहरा मालकिणीला ओळखतच नव्हता.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी थांबते," त्या म्हणाल्या.