दुसऱ्याच्या तोंडून

“तुझ्या आईला सांग, माझ्या गुडघ्यांची वकिली बंद कर,” घडीवालीने माझ्या खिडकीत डोकं खुपसून सांगितलं. मागे रांग खोळंबली होती. तिला रांगेचं काही नव्हतं.

मी हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. घडीवाली खाली तळघरात, लॉन्ड्रीत धुतलेल्या चादरींच्या घड्या घालते. माझी आईही त्याच लॉन्ड्रीत, फक्त भिंतीच्या पलीकडे. सकाळी आईने परस्पर लॉन्ड्रीच्या साहेबांना गाठलं होतं. घडीवालीचे गुडघे धरलेत, तिला बसायला स्टूल द्या. साहेब भला माणूस, त्यांनी लगेच स्टूल दिलं. आणि गुडघे धरलेल्या बाईला जास्तीचं काम कशाला, म्हणून तिची जादा पाळीही काढून टाकली.

“मी मागितलं होतं स्टूल?” घडीवाली म्हणाली. “मला काय तोंड नाही?”

मी म्हटलं, सांगते आईला.

“मागच्या वेळीही सांगणार होतीस,” ती म्हणाली आणि गेली. गुडघे खरंच धरले होते. जिना उतरताना कठड्याला धरून उतरत होती.

— बाई, एक्स-रे कुठे काढतात?
— सरळ जा, मग डावीकडे.
— माझा नंबर आधी लावता का जरा? मला घाई आहे.

सगळ्यांनाच घाई असते. दिवसभर माणसं माझ्यासमोर येतात आणि स्वतःसाठी मागतात. खुर्ची, पाणी, आधीचा नंबर, डॉक्टरांची वेळ. कुणाची जीभ अडखळत नाही. मला तर त्यात काही वावगंही वाटत नाही. मी इथेच वाढले.

आई इथे वाढली नाही. आम्ही जिथून आलो तिथे स्वतःसाठी मागत नाहीत. म्हणजे उपाशी राहतात असं नाही. तुझ्यासाठी शेजारीण मागते, तिच्यासाठी तू मागतेस. तुझं छप्पर गळतंय हे शेजारणीने चारचौघांत सांगायचं, आणि तू तिथेच बसून आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करायचा. घरच्यांनी मागितलेलंही चालत नाही. घरच्याचं तोंड म्हणजे आपलंच तोंड. ज्याने स्वतःसाठी हात पसरला, त्याच्या शब्दाला पुढे दुसऱ्यासाठीही वजन राहत नाही.

हे सगळं तिथे छान चालायचं, कारण तिथे सगळेच तसे होते. इथे आल्यावर आई आपल्या वाटणीचं काम इमानेइतबारे करत राहिली. याला रजा द्या, तिला पंखा द्या, त्या वाहनचालकाच्या पाठीला उशी द्या. आणि वाट बघत राहिली. समोरून काही येईना. लोकांनी तिचं नाव वकीलबाई ठेवलं.

“आई, इथे असं नसतं गं,” मी सांगायची. ती म्हणायची, माणसं सगळीकडे सारखीच, वेळ लागतो. पालथ्या घड्यावर पाणी.

— लघवी तपासायला द्यायची होती.
— इथे नका ठेवू. इथे नका ठेवू, अहो. पहिला मजला.

लॉन्ड्रीच्या मधोमध भिंत आहे. धुण्याची मोठी यंत्रं त्या भिंतीतच बसवलेली आहेत आणि त्यांना दोन दारं आहेत. अलीकडच्या दाराने रक्ताने, पुवाने, कशाकशाने भरलेल्या चादरी आत जातात. पलीकडच्या दाराने स्वच्छ बाहेर येतात. जंतू जाऊ नयेत म्हणून ही सोय. चादरी भिंत ओलांडतात, माणसं नाही. आमच्याकडची जेवढी माणसं या हॉस्पिटलात लागली, ती मळक्या बाजूला लागली. कुणी ठरवलं नव्हतं. पहिला तिथे लागला, त्याने दुसऱ्यासाठी शब्द टाकला, तिथलीच जागा मिळाली. नंतर ती आमचीच बाजू झाली.

गेल्या वर्षापासून आईची बोटं फाटायला लागली. हातमोजे घालूनही. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, ब्लीचपासून लांब व्हा, नाहीतर हे हात कामाचे राहणार नाहीत. आईने मान डोलावली, मलम घेतलं आणि परत ब्लीचमध्ये गेली.

आणि मग नेमकी जागा झाली. घडीवालीची जोडीदारीण काम सोडून लेकाकडे राहायला गेली. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघी लागतात, टोकं धरायची, ताणायची, चालत एकमेकींकडे यायचं. स्वच्छ बाजूला, ब्लीचपासून लांब, कोरड्या हवेत. आईसाठीच केल्यासारखी जागा. फक्त साहेबांकडे जाऊन म्हणायचं होतं, मला तिकडे घ्या.

“कुणीतरी सांगेलच,” आई म्हणाली.

“कोण?” मी विचारलं.

“घडीवाली सांगेल. तिच्यासाठी मी कितीदा बोलले.”

मी भिंतीवर डोकं आपटायचं बाकी ठेवलं.

— डॉक्टर बसलेत का?
— बसलेत.
— मग उठणार कधी?

त्याच आठवड्यात वरून आदेश आला, सगळ्या कर्मचाऱ्यांना सर्वसमावेशकतेचं प्रशिक्षण. जिन्यात फलक लागला: आपण वेगवेगळे, आपण सगळे. प्रशिक्षणाच्या बाई आल्या. साध्या, हसऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट. खुर्च्या गोल मांडल्या. प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या: माझं वेगळेपण काय आणि मला इथे काय हवं आहे. मनमोकळं. इथे कुणी कुणाला हसणार नाही.

घडीवाली म्हणाली, माझं वेगळेपण म्हणजे मला अशा खुर्च्या मांडलेल्या आवडत नाहीत आणि मला माझी जादा पाळी परत हवी आहे. साहेब तिथेच होते. त्यांनी हो म्हटलं. मिळालीसुद्धा. बघा, इतकं सोपं.

आईची पाळी आली. मी तिच्या शेजारी. मी तिच्या पायाला पाय लावला. ती उठून उभी राहिली, शाळेत राहतात तशी.

“घडीवालीला जोडीदारीण पाहिजे,” आई म्हणाली. “एकटी चादरी ओढते. खांदे जातील तिचे.”

झालं. आमच्याकडचं कुणी असतं तर त्याला या दोन वाक्यांत सगळं कळलं असतं. ती जागा, ते हात, ही वेळ. कुणीतरी लगेच म्हटलं असतं, मग यांनाच घ्या की. आईने पायघड्या घालून दिल्या होत्या, एक माणूस फक्त चालायला हवा होता. ती बसली आणि हात मांडीवर ठेवून वाट बघू लागली.

घडीवाली म्हणाली, “बघा. परत माझे खांदे.”

लोक हसले. प्रशिक्षणाच्या बाईंनी टाळी वाजवली आणि गुलाबी कागदावर ‘इतरांची काळजी’ असं लिहून तो फळ्यावर चिकटवला.

“आणि स्वतःसाठी काय हवंय?” त्यांनी विचारलं.

“मला काय,” आई म्हणाली. “मी मजेत.”

— इथे बसलं तर चालेल का?
— बसा.
— तुम्ही रागावलात का?
— नाही. बसा.

दुपारी त्या बाई माझ्या खिडकीशी आल्या. म्हणाल्या, तुमच्या आईबद्दल बोलायचं होतं. काही समाजांत ‘मी’ एकट्याचा नसतो, चारचौघांत वाटलेला असतो. मागणं, नाकारणं, आभार मानणं, सगळं माणूस दुसऱ्याच्या आधाराने करतो. आपल्याला तो बुजरेपणा वाटतो, पण तो बुजरेपणा नाही.

अक्षर न् अक्षर बरोबर. मला तर क्षणभर त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मी म्हटलं, मग तुम्हीच साहेबांना सांगा ना, आईला स्वच्छ बाजूला घ्या म्हणून. तुम्ही बाहेरच्या आहात, तुमचं चालेल.

त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, मी तिच्या वतीने बोलले तर तिचा आवाज हिरावून घेतल्यासारखं होईल. तिने स्वतः बोलायला हवं. तेवढ्यासाठीच तर हे प्रशिक्षण आहे. त्यापेक्षा समारोपाला आईंनी दोन शब्द बोलावेत, तुमच्याकडचे कपडे असतील तर ते घालून.

मी म्हटलं, कपडे मळक्या बाजूला दिलेत. त्यांना कळलं नाही. हसल्या.

— बाई, रक्त कुठे घेतात?
— माझं घ्या.
— काय?
— उजवीकडे, शेवटची खोली.

मग मी घडीवालीकडे गेले. स्वच्छ बाजूला वास निराळा असतो, गरम कापडाचा. ती एकटी चादरीशी झटापट करत होती. एक टोक टेबलाच्या कडेला दाबून धरलं होतं, दुसरं हनुवटीखाली. मी म्हटलं, मावशी, साहेबांना एवढं सांगा, वकीलबाईला माझ्या जोडीला द्या.

“का? तिला काय झालं सांगायला?”

मी समजावलं. आमच्याकडचं सगळं, अथपासून इतिपर्यंत. तिने चादर सोडली आणि पूर्ण ऐकून घेतलं, हे मी मान्य केलं पाहिजे.

“म्हणजे इतकी वर्षं ही बाई माझ्यासाठी मागत होती, ते मी हिच्यासाठी मागावं म्हणून?”

“म्हणून नाही. पण हो.”

“आणि मला वाटत होतं, ही मला मुकी समजते.” तिने चादरीचं टोक परत उचललं. मग म्हणाली, “नाही गं. मी नाही सांगणार. धडधाकट बाई आहे ती. मी जाऊन तिच्यासाठी तोंड वेंगाडलं तर साहेब काय म्हणतील, हिला दोन शब्द बोलता येत नाहीत? तिला काय मी लहान पोर करू? माझ्याशी कुणी असं केलं तर मी चप्पल काढीन. माझ्याशी केलंच आहे म्हणा.”

ती मान राखत होती. आई मान राखत होती. प्रशिक्षणाच्या बाई तर मान राखण्याचा पगारच घेत होत्या. एवढ्या मानामध्ये माझ्या आईची बोटं फाटत चालली होती.

त्या संध्याकाळी मी घरी भांडले. म्हटलं, कुणी येणार नाही. कुणीच येणार नाही. तू त्यांच्यासाठी आयुष्यभर बोललीस आणि त्यांना ते नाक खुपसणं वाटलं. माग तरी, नाहीतर नोकरी तरी सोड. मी तुझ्या हातांना मलम लावून थकले.

आई म्हणाली, “तू लावू नकोस. मी लावीन.”

आणि तिने झाकण उघडायचा प्रयत्न केला. उघडलं नाही. मी घेतलं नाही तिच्या हातातून. तिने डबी तशीच ठेवून दिली.

— साहेब भेटतील का?
— कुठले साहेब?
— कुठलेही.

साहेबच भेटले मला, दुसऱ्या दिवशी, जिन्याशी.

“आई आली होती तुझी,” ते म्हणाले. “म्हणाली, मला पलीकडे घ्या, माझे हात खराब झालेत. मी म्हटलं, घेतलं. उद्यापासून. त्यात काय एवढं? आधी सांगायचं ना. आम्हाला वाटायचं, तिला तिकडेच बरं वाटतं. तुमच्यातली सगळी तिकडेच असतात, म्हणून.”

त्यांचा चेहरा निर्मळ होता. ते खरंच खूश झाले होते. मीही थँक्यू म्हटलं आणि वरती येऊन खिडकी लावून घेतली. बाहेर लोक काचेवर टकटक करत राहिले.

घरी आले तर आई मोरीत चुळा भरत होती. एक झाली की दुसरी. मी विचारलं, दात दुखतोय का. ती म्हणाली, नाही. जेवायला वाढलं तर म्हणाली, भूक नाही, तू जेव. मला वाटलं होतं मी आनंदाने नाचेन. मी एकटीच जेवले आणि भांडी जरा जोरातच घासली.

— घड्याळ पुढे आहे का हो तुमचं?
— नाही.
— मग मला उशीर झाला.

महिना होत आला. आईची बोटं भरून येताहेत. घडीवालीशी तिचं पटतं असं म्हणता येणार नाही. चादर ताणताना घडीवाली सतत करवादते की ओढ, नुसती धरून उभी राहू नकोस. पण दोघींची चाल जुळली आहे. आई आता साहेबांकडे कुणासाठीच जात नाही. लोकांच्या लक्षातही आलेलं नाही.

मळक्या बाजूला तिच्या जागी नवी बाई आली. आमच्याकडचीच, दुसरी कोण असणार. केस पांढरे झालेली, दोन सुना असलेली बाई. काल जेवणाच्या सुट्टीत मी खाली गेले होते, तेव्हा तिने मधल्या भिंतीतल्या काचेवर बोट वाजवलं. काचेखाली बोलण्यापुरती फट आहे. ती वाकली आणि आमच्या भाषेत आईला म्हणाली, तुम्ही पलीकडे गेलात, ऐकून बरं वाटलं.

मग विचारलं, “तुमच्यासाठी कुणी मागितलं?”

आमच्याकडे असंच विचारतात. कसं मिळालं असं नाही विचारत.

आईच्या दोन्ही हातांत चादरीची टोकं होती. समोर घडीवाली, तिच्या हातांत दुसरी दोन. आईने माझ्याकडे पाहिलं. मी खालच्या फरशीकडे पाहिलं.

“हिने,” आई म्हणाली, आणि हनुवटीने घडीवालीकडे दाखवलं.

नव्या बाईने काचेपलीकडून घडीवालीकडे नीट पाहून घेतलं. मग हातमोजे काढले, दोन्ही हात खाली सोडले आणि मान झुकवून उभी राहिली. दुसऱ्यासाठी शब्द टाकणाऱ्याला आमच्याकडे असा मान देतात.

“काय गं?” घडीवाली मला म्हणाली. “काय सांगितलं हिने माझ्याबद्दल?”

“चांगलंच सांगितलं,” मी म्हटलं.

“मला न विचारता,” घडीवाली पुटपुटली. पण ती बाई मान वर करेना. घडीवालीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा काचेकडे, आणि काय करावं हे न कळून तिनेही हळूच मान लववली.

मग ती आपली टोकं घेऊन आईकडे चालत आली आणि समोर उभी राहिली. आईने ती घ्यायला हात पुढे करायला थोडा वेळ लावला. घडीवाली थांबून राहिली.