परत फिरणाऱ्यांचा रकाना

रस्ता ओलांडणारी माणसं मोजणं हे माझं काम. ऐकणाऱ्याला हसू येतं, तर येऊ दे. महापालिकेच्या वाहतूक विभागात मला बावीस वर्षं झाली आणि त्यातली निम्मी प्लास्टिकच्या खुर्चीवर, रस्त्याच्या कडेला गेली. हातात मुठीत मावेल एवढं काउंटर असतं. माणूस या फुटपाथवरून त्या फुटपाथवर पोचला की अंगठा दाबायचा. पोचला तरच दाबायचा. ऑफिसात मला सगळे ‘मोजदाद’ म्हणतात. मला त्याचा राग नाही. अंदाजपंचे बोलणारे शहरात ढिगाने आहेत, एखाद्याने तरी मोजून बोलावं.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं त्यात माझी चूक नेमकी कुठल्या कलमाखाली येते, ते मला नियमावलीत अजून सापडलेलं नाही.

आमच्या घरासमोर रस्ता आहे आणि रस्त्यापलीकडे माझी मावशी राहते. पूर्वी हा रस्ता एवढासा होता. दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोघांपैकी शहाण्याने थांबायचं. मग शहर वाढलं. वरच्या अंगाला नव्या वसाहती झाल्या, त्यांना सकाळी कामावर पोचायची घाई, म्हणून रस्ता सहापदरी झाला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मावशी तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. मावशीची नजर गेल्यापासून आई रोज अकराच्या ठोक्याला काखोटीला वर्तमानपत्र मारून पलीकडे जायची आणि तिला पहिल्या पानापासून वाचून दाखवायची. नुसतं वाचायची नाही, मधेमधे बातमीतल्या माणसांना झापायचीही. मावशीला बातमीपेक्षा त्या झापण्यातच जास्त रस होता.

रस्ता रुंद झाल्यावर वर्षभर आईने नेट धरला. एकदा एका मोटारसायकलचा आरसा तिच्या पिशवीला लागला. आईला खरचटलंही नाही, पण वर्तमानपत्र पान-पान होऊन सहाही पदरांवर उडालं आणि ती मधल्या दुभाजकावर पंधरा मिनिटं उभी राहिली. त्यानंतर तिचं जाणं थांबलं. बसने जायचं तर उड्डाणपुलाला वळसा घालून, एक बस बदलून, पाऊण तास. मावशीला आमच्याकडे आणावं तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि मावशीचे गुडघे कामातून गेलेले. मग फोनवर वाचन सुरू झालं. मावशीला ऐकूही कमी येतं, त्यामुळे आई ओरडून वाचायची. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका एकदा जिन्यात मला म्हणाले, “काल शेवटची बातमी नीट ऐकू आली नाही हो. त्या चोराचं पुढे काय झालं?”

पण हळूहळू मावशी फोनवर प्रत्येक वाक्याला नुसतं “हो, हो” म्हणायला लागली. एक दिवस आईने तिला सांगितलं, “अगं, सूर्य उद्यापासून बंद आहे.” मावशी म्हणाली, “हो, हो, बरं झालं.” आईने फोन ठेवला आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ज लिहिला. ‘आमच्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी सिग्नल बसवावा.’ दारोदार फिरून तिने त्रेसष्ट सह्या गोळा केल्या आणि प्रभाग कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली. फिरत फिरत तो अर्ज वाहतूक विभागात आला आणि माझ्या टेबलावर पडला. नियम असा की, कुठल्याही एका तासात दीडशे माणसं रस्ता ओलांडताना आढळली तर सिग्नल. नाहीतर नाही.

अर्जदार माझी आई आहे, हे मी मॅडमना सांगायला हवं होतं. मॅडम आमच्या विभागाच्या इंजिनीअर. सांगितलं नाही, कारण मग काम दुसऱ्याला गेलं असतं आणि दुसरे कसे मोजतात ते मला ठाऊक आहे. घरीही बोललो नाही. आई विचारत बसली असती, किती झाले, किती झाले.

मोजणीच्या दिवशी मी मावशीच्या बाजूला, तिच्या इमारतीपासून थोडा पुढे खुर्ची टाकून बसलो. डोक्याला टोपी होती. सकाळी आठ ते बारा. दहा-साडेदहापर्यंत विशेष काही नाही. तरणी पोरं जीव मुठीत धरून पळत होती, एक पाववाला सायकल खांद्यावर घेऊन आला. अकराला पाच कमी असताना समोरच्या फुटपाथच्या कडेला आई येऊन उभी राहिली. काखेत वर्तमानपत्र होतं. मला वाटलं, सिग्नल होणार या आशेने आजच तिला धीर आला असावा.

ती अकरा मिनिटं उभी होती. अकरा, कारण मी घड्याळ पाहिलं. एकदा तिने पाऊल खाली टाकलं, ट्रकने हॉर्न दिला, पाऊल वर घेतलं. माझा अंगठा काउंटरवर होता. मग ती वळली आणि परत गेली. मी काही दाबलं नाही. ती पोचलीच नव्हती.

सगळ्यात गर्दीच्या तासाचा आकडा आला एकेचाळीस. मी एकेचाळीस लिहिले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

तीन आठवड्यांनी घरी पत्र आलं. आईने ते वर्तमानपत्र वाचायच्या आवाजात वाचलं, “प्रत्यक्ष मोजणीअंती अपेक्षित पादचारी संख्या आढळून न आल्याने आपली मागणी मान्य करता येत नाही.” मी ताटात मान घालून बसलो होतो. तिने पत्राची घडी केली आणि म्हणाली, “मोजलं म्हणे.” बस, तेवढंच. मला शिव्या घातल्या असत्या तर घास गिळणं सोपं गेलं असतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं.

पुढच्या महिन्यात प्रभागसभा होती. विभागाचा माणूस म्हणून मी मॅडमच्या शेजारी मागच्या ओळीत बसलो. कचऱ्याची गाडी दुपारी येते, नळाला करंगळीएवढं पाणी येतं, नव्या इमारतीचे दिवे थेट झोपायच्या खोलीत येतात. नगरसेवक प्रत्येकाला “नोंद घेतली” म्हणत होते. मग आई उठली. मला माहीतही नव्हतं ती येणार आहे.

“तुमचा माणूस रस्ता ओलांडणारे मोजतो,” ती म्हणाली. “कडेला उभं राहून परत जाणारे कोण मोजतं?”

नगरसेवक म्हणाले, “आजी, नियमात आकडा ठरलेला असतो.”

“असू दे की. रस्ता भीतीचा आहे म्हणून माणसं ओलांडत नाहीत. ओलांडत नाहीत म्हणून तुम्ही सिग्नल देत नाही. म्हणजे आधी आम्ही दीडशे जणांनी मरायला उतरायचं आणि मग तुम्ही दिवा लावणार?”

सभागृहात हशा झाला, नंतर टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर नगरसेवकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “बाई मुद्द्याचं बोलल्या. कोण आहेत, माहीत आहे?”

“माझी आई,” मी म्हणालो.

 मॅडमनी उठून जाहीर केलं की, पुन्हा एकदा मोजणी होईल. बाहेर आल्यावर मी म्हणालो, या वेळी दुसऱ्या कोणाला तरी पाठवा. त्या म्हणाल्या, “नातं मी फाइलवर लिहून ठेवते. पण जायचं तुम्हीच. तुमच्या आकड्यावर कोणी बोट ठेवणार नाही. तुम्ही सख्ख्या आईलाही एक माणूस जास्त देणार नाही, ते आता सगळ्या ऑफिसला कळेल.” त्या कौतुकाने बोलल्या. घरी जाईपर्यंत ते कौतुक मला टोचत होतं.

दुसऱ्या मोजणीला मी भांडारातून दोन काउंटर घेतले. भांडारपालाने विचारलं, “एक बिघडलंय का?” म्हटलं, नाही, मीच जरा बिघडलोय. उजव्या हातातलं पलीकडे पोचणाऱ्यांसाठी. डावं, कडेला येऊन थांबणाऱ्या आणि परत फिरणाऱ्यांसाठी. बावीस वर्षांत मी हे दुसरं कधी मोजलं नव्हतं. एकदा मोजायला लागल्यावर मात्र तेच जास्त दिसायला लागले. कडेवर मूल घेतलेली बाई. काठीवाला म्हातारा, दोनदा आला, दोनदा मोजला. पोटुशी बाई दवाखान्याची फाइल घेऊन उभी राहिली आणि बसथांब्याकडे गेली. दहा ते अकरा या तासात उजव्या हाताचा आकडा अडतीस होता आणि डाव्या हाताचा एकशे सदुसष्ट.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आई आली. काखेत वर्तमानपत्र. कडेशी उभी राहिली. गाड्यांची रांग संपता संपत नव्हती. तिने एक पाऊल खाली टाकलं आणि मागे घेतलं. माझा डावा अंगठा आपोआप बटणावर गेला.

मी दाबलं नाही. दोन्ही काउंटर खुर्चीवर ठेवले आणि उठलो.

खरं सांगतो, मी शेकडो रस्ते मोजले असतील, पण घरासमोरचा हा रस्ता गर्दीच्या वेळी स्वतः ओलांडला नव्हता. मोजणीला दोन्ही वेळा ऑफिसच्या जीपने पलीकडे उतरलो होतो. दुभाजकावर एकदा श्वास घेतला, उरलेले तीन पदर पार केले आणि आईचा हात धरला.

“ड्यूटीवर आहेस ना?” ती म्हणाली.

“चल गं.”

दुभाजकापर्यंत आलो. तिथे थांबावंच लागतं. दोन्ही बाजूंनी गाड्यांचा वारा अंगावर येत होता. तिने माझा हात घट्ट धरला होता. समोर माझी रिकामी खुर्ची दिसत होती.

“मागच्या वेळीही तू तिथेच बसला होतास,” आई म्हणाली.

“तू पाहिलंस?”

“पोटचा पोरगा टोपी घातली म्हणून ओळखू येत नाही होय? मला वाटलं, उठशील.”

“मी मोजत होतो, आई.”

“हो ना. म्हणूनच हाक मारली नाही. म्हटलं, कामात आहे.”

तिच्या आवाजात राग नव्हता. आम्ही उरलेला रस्ता ओलांडला. मावशीने दार उघडलं, आईचा चेहरा हाताने चाचपला आणि म्हणाली, “आज बातम्यांना उशीर झाला.” आई दीड वर्षाने त्या दारात आली होती. आई चपला काढता काढताच पहिल्या पानावर तुटून पडली. मी जिन्यात उभा राहून डोळे पुसले आणि खुर्चीवर परत आलो.

त्या दिवशीच्या तक्त्यात मी असं लिहिलं: ‘११.१३ ते ११.२५ मोजणी बंद. कारण, मोजणीदार रस्ता ओलांडत होता.’ आम्हा दोघांना मी आकड्यात धरलं नाही. परत फिरणाऱ्यांसाठी छापील रकाना नव्हता, म्हणून पट्टीने रेघ मारून एक आखला आणि त्यात एकशे सदुसष्ट लिहिले. मॅडमनी तक्ता वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला. “हा रकाना कोणी दिला?” त्यांनी विचारलं.

“अर्जदाराने,” मी म्हणालो.

पुढे फाइल तीनदा परत आली. एकदा विचारलं, परत फिरणारा म्हणजे नेमकं कोण, व्याख्या द्या. मी व्याख्या दिली: ‘ज्याला पलीकडे काम आहे आणि जो गेला नाही तो.’ सात महिन्यांनी सिग्नल लागला. रोज अकराला आईला पोचवायचं काम तोवर माझ्याकडे होतं. माझी त्या वेळेची गैरहजेरी मॅडम बघूनही बघत नसत.

सिग्नल सुरू झाला त्या दिवशीही मी सवयीने आईबरोबर खाली उतरलो आणि तिचा हात धरला. तिने बटण दाबलं. गाड्या थांबल्या. सहाही पदर. समोर हिरवा माणूस लागला आणि त्याच्याखाली चाळीसपासून उलटे आकडे सुरू झाले.

“सोड हात,” आई म्हणाली. “आता इथेच उभा राहून मोज.”

ती निघाली. ती पलीकडे पोचली तेव्हा अजून सहा सेकंद बाकी होते.