सरपंचांच्या मते

रविवारी सकाळी देवश्री कणीक मळत होती आणि तिचा फोन वाजला. तिच्या पीएचडीच्या गाइड सरांचा होता. ती हात धुवायच्या आत रुचिरनं तो उचलला. "हाँ सर, नमस्ते. देवश्री ज़रा काम में है, मुझे बता दीजिए." मग बराच वेळ नुसतं जी सर, हो जाएगा सर. देवश्री पिठाच्या हातांनी समोर उभी.

फोन ठेवून रुचिरनं कळवलं की शुक्रवारी प्रबंध देण्याआधीचं प्रीसबमिशन आहे, समितीपुढे बोलायचं आहे आणि सर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही.

"मला का नाही दिलास?"

"अगं, तुझे हात भरलेले. आणि तेवढंच तर सांगायचं होतं त्यांना."

तेवढंच होतं. भांडायला जागा नव्हती.

वाचकहो, असा नवरा तुमच्या ओळखीत असेल. चांगला माणूस. बायको शिकतेय हे उज्जैनमधल्या नानाखेड्यातल्या अख्ख्या कॉलनीला कौतुकानं सांगणारा. बँकेतून एनओसी आणण्याचा अर्जही त्यानंच लिहिला होता. तेव्हा या गोष्टीत दुष्ट माणूस शोधू नका. सापडणार नाही.

काळजीचं कारण मात्र होतं.

देवश्री देवास गेटजवळच्या एका बँकेत असिस्टंट मॅनेजर. एमएला पॉलिटिकल सायन्समध्ये पहिली आली होती. मग लग्न, बँकेची परीक्षा, मुलगी. कॉलेजात शिकवायचं राहून गेलं. चाळिशीच्या आसपास तिनं पीएचडीला नाव घातलं आणि तेव्हापासून तिच्या आयुष्यात रविवार उरला नाही. आता नोंदणी महिनाअखेर संपत होती. एक मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी सहसा मिळत नाही. शुक्रवार हुकला तर सगळे रविवार पाण्यात.

सोमवारी बँकेत: लॉकर उघडून द्यायला गेली, किल्ली केबिनमध्येच.

मंगळवारी: ग्राहकाचं नाव दोनदा विचारलं. शेजारच्या टेबलावरचे शुक्लाजी म्हणाले, "मैडम, डॉक्टर बन के लोन का ब्याज कम करोगी क्या?" सगळे हसले. तीही हसली.

तिचा विषय होता उज्जैन जिल्ह्यातल्या महिला सरपंच: त्या निर्णय घेतात का, कसे घेतात. रविवारी रुचिर गाडी काढायचा आणि दोघं गावोगाव जायची. मुलाखतीचा एक तुकडा, घडला तसा:

प्रश्न, सरपंच सजनबाईंना: ग्रामसभा में फ़ैसले कौन लेता है?

उत्तर, त्यांचे यजमान बद्रीलालजी: ये ही लेती हैं मैडम. पूरी छूट दे रखी है.

प्रश्न, सजनबाईंना: आपको कोई दिक़्क़त आती है?

उत्तर, बद्रीलालजी: काहे की दिक़्क़त? हम हैं ना.

सजनबाई पदर नाकापर्यंत ओढून दाराच्या चौकटीशी. मग आत, चहा करायला. घरावरच्या पाटीवर त्यांचं नाव, खाली मोबाइल नंबर बद्रीलालजींचा. गावात 'सरपंच साहब' म्हटलं की वळून बघतात तेही बद्रीलालजीच. प्रत्येक गावी असंच. दिवस मावळायला आलेला, परतीचा रस्ता खराब, सोमवारी बँक. देवश्री उत्तर लिहून घेई.

आणि प्रबंधात: 'सरपंचांच्या मते ग्रामसभेतील निर्णय त्या स्वतः घेतात.'

बहुतेक सगळ्या सरपंच स्वतः निर्णय घेतात, असा तिचा निष्कर्ष निघाला होता. गाइड सर खूश होते. आकडे आशादायक आहेत म्हणाले.

बुधवारी संध्याकाळी रुचिरच्या विनोदिनी आत्या आल्या. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या. त्यांनी परीक्षक व्हायचं आणि देवश्रीची तालीम घ्यायची, असं रुचिरनंच ठरवलं होतं. आत्या सोफ्यावर ताठ बसल्या. "मी आता तुझी कोणी नाही हं, सूनबाई," म्हणाल्या.

प्रश्न, देवश्रीला: हा विषय का निवडलास?

उत्तर, रुचिर: आत्या, तिला ना एमएपासूनच यात...

प्रश्न, देवश्रीला: गावं कशी निवडलीस?

उत्तर, रुचिर: तहसीलवार. मीच तर नेत होतो गाडीनं.

प्रश्न, देवश्रीला: या बायका काय म्हणाल्या?

उत्तर:

इथे रुचिर गप्प झाला, कारण आत्या त्याच्याकडे बघत होत्या. देवश्री आठवू लागली. बद्रीलालजींचा आवाज आठवला. दुसऱ्या गावातल्या यजमानांचा आठवला, तिसऱ्याही. एकाही सरपंचबाईचा आवाज आठवेना.

मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. दार, पदर, चहा. कोण बोललं ते.

"पण माहिती खरीच आहे ना आत्या," रुचिर म्हणाला. "घरातल्याच माणसानं दिली. आणि आत्ता मी मधे बोललो ते मदत म्हणून."

"बद्रीलालही मदतच करतो रे."

रुचिर उठून गॅलरीत गेला. देवश्रीचा आवाज चढला. शुक्रवार परवावर आला आणि तुम्ही आज हे काढता! समिती विचारणार नाही, सगळे असंच करतात, एवढा डेटा कोण तपासतो? ती बोलत राहिली आणि आत्यांनी तिला बोलू दिलं. तिचं संपल्यावर त्या म्हणाल्या,

"तू लबाडी केलीस असं मी म्हणत नाही. पण गावानं एका बाईला निवडलं. नवरा तिच्या खुर्चीत बसला. आणि तू जाऊन लिहिलंस की खुर्चीत तीच आहे. उद्या कोणी साहेब तुझा प्रबंध उघडेल आणि म्हणेल, बघा, इकडे सगळं छान चाललंय, काही करायला नको. हे तिच्या नवऱ्याला जमलं नसतं, देवश्री. त्याला विद्यापीठाचा शिक्का कुठून मिळणार?"

देवश्री रडली नाही. तिनं प्रबंध उघडून सजनबाईंचं पान काढलं.

गुरुवारी तिनं रजा टाकली. रुचिर गाडीची किल्ली घेऊन दाराशी उभा होता. तिनं नको म्हणून मान हलवली आणि देवास गेटच्या स्टँडवरून सजनबाईंच्या गावची बस पकडली.

बद्रीलालजींनी खाट टाकली. "फिर से? पूछो मैडम, मैं बता देता हूँ." देवश्रीनं हात जोडले आणि सांगितलं की आज फक्त सरपंचांशी बोलायचं आहे, दोघींनीच. ते हसले, मग रागावले, मग शेतावर काम आहे म्हणत निघून गेले.

प्रश्न, सजनबाईंना: ग्रामसभा में फ़ैसले कौन लेता है?

उत्तर:

 

उत्तर:

बाहेर कुठेतरी पंप चालू झाला, बंद झाला. सजनबाई जमिनीकडे बघत बसलेल्या. देवश्रीला घाई झाली. परतीची बस, उद्याचं सादरीकरण. दोनदा तिच्या ओठांवर आलं, 'यानी वो लेते हैं ना?' आणि दोन्ही वेळा तिनं ते गिळलं, कारण तसं म्हटलं असतं तर तेही उत्तर तिचंच झालं असतं.

शेवटी सजनबाई माळवीत बोलल्या. "आप पेलाँ बी आया था. म्हारे से एकज बात पूछी थी." आणि हसल्या. "के चाय में शक्कर कम डालजो."

देवश्रीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नवऱ्यांनी बोलू दिलं नाही, हे खरं. पण चहातली साखर सोडली तर तिनं तरी पुन्हा वळून सजनबाईंना कुठे काही विचारलं होतं!

त्यानंतर सजनबाई खूप बोलल्या. ग्रामसभेत आपण एकदाही बसलो नाही, घरी आलेल्या कागदावर सही केली. वरच्या मोहल्ल्यातल्या बायकांना पाणी लांबून आणावं लागतं, तिकडे नळ न्यायचा होता. नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला बघू. सभेत जायची भीतीही वाटते, चुकलं तर लोक हसतील. पण जावंसं वाटतं.

शुक्रवारी देवश्री समितीपुढे उभी राहिली. रुचिर मागच्या ओळीत. तिनं सांगितलं की प्रबंधातलं मुख्य प्रकरण मागे घेते आहे. का, तेही सांगितलं. काही लपवलं नाही. गाइड सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समितीतल्या एकानं रुचिरकडे बघून विचारलं, "आप ही साथ जाते थे ना फ़ील्ड में? आपको क्या लगता है?"

रुचिर उठला.

"सर, रिसर्च इनका है," तो म्हणाला. "इनसे पूछिए." आणि बसला.

समितीनं काम पुन्हा करायला सांगितलं. मुदतवाढीची शिफारस होईल. मंजूर होईलच असं कोणी म्हणालं नाही. ते उत्तर अजून आलेलं नाही. देवश्रीला झोप अजूनही नीट लागत नाही. तरी रविवारी ती बसनं जाते, आणि घरचा स्वयंपाक त्या दिवशी रुचिर करतो. खिचडीच असते, पण ती मदत खरी आहे.

वाचकहो, आपण सगळे कुणाच्या ना कुणाच्या वतीनं बोलत असतो. बायकोच्या, म्हाताऱ्या आईच्या, हाताखालच्या माणसाच्या. प्रेमानंच बोलतो. पण ज्याला आवाज आहे त्याच्या वतीनं बोलणं म्हणजे त्याचा आवाज काढून घेणं. आणि लोकशाही भोपाळ-दिल्लीत बिघडायच्या आधी इथे बिघडते, आपल्या दाराच्या चौकटीशी. तेव्हा विचारा. जिचं मत आहे तिलाच विचारा. आणि विचारून झाल्यावर, उत्तर यायला कितीही वेळ लागो, गप्प बसा.